चौदा लिटरचा निरोप

"चौदाचे तीन करून दाखवतो, मग बोल," असं लिटरकाकांनी बायकोला बसमध्ये बसवता बसवता सांगितलं. काकू आठ दिवसांसाठी मुलीकडे निघाल्या होत्या. कशाचे चौदा आणि कशाचे तीन, हे त्या खिडकीतून विचारत होत्या, तेवढ्यात बस सुटली. सुटली ते बरंच झालं. घरातला संडास उखडून नवा बसवायचा आहे, हे उत्तर ऐकलं असतं तर काकू पिशवीसकट खाली उतरल्या असत्या.

लिटरकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात मीटर वाचले. जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं सारून, पावसाळ्यात गुडघाभर डबक्यात उभं राहून वाचले. निवृत्त झाले तरी सुंभ जळला, पीळ काही जळला नाही. आपल्या इमारतीतल्या आठ घरांचे मीटर दर महिन्याला वाचायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं आणि दर तीन महिन्यांच्या बैठकीत ते आकडे वहीतून वाचून दाखवायला सुरुवात केली. पाहुणा हात धुऊन आला, की हे टॉवेलबरोबर "दीड लिटर" एवढं म्हणत. पाहुणे पुढच्या वेळी हात घरूनच धुऊन येत.

नोकरीत त्यांनी एक नियम कसोशीने पाळला होता. आकडा दिसल्यापासून तो वहीत उतरेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. एकदा एका बंगल्यात कुत्र्याने त्यांची पोटरी धरली, तर यांनी आधी पाचही आकडे लिहून काढले, तारीख घातली, आणि मग ओरडले.

असा माणूस, आणि त्याच्याच घरात दिव्याखाली अंधार. काकांच्या न्हाणीघरातल्या संडासावर छताजवळ एक लोखंडी टाकी होती, इमारतीइतकीच जुनी. साखळी ओढली, की ती आधी खाकरायची, मग एकदम कोसळायची, आणि नंतर भरता भरता दहा मिनिटं स्वतःशीच कुरकुरायची. एका वेळेला चौदा लिटर. कुणी बैठकीत "काका, तुमची टाकी किती हो पिते?" असं विचारलं असतं, तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि विचारण्यासारखं एक माणूस इमारतीत होतं. ती त्यांची सख्खी मोठी बहीण.

ताई निवृत्त मुख्याध्यापिका. राहायला बरोबर काकांच्या खालच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. ताईंचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून एकट्याच. वर भाऊ, खाली बहीण, आणि मध्ये एक स्लॅब आणि दोन वर्षांचा अबोला.

अबोल्याचं कारण काकांची वही. दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत घराघरांचे आकडे वाचत ते दुसऱ्या मजल्यापाशी आले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "एकट्या माणसाचं घर, आणि पाणी तिघांचं. नोंद घ्यावी." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे गुण वाचून दाखवले, तिच्यावर ऐकून घ्यायची वेळ आली. ताई उठल्या, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी जिन्यात हाक मारली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या घरातलं पाणी चारचौघांत मोजलंस." त्यानंतर एक शब्द नाही.

काकांचं म्हणणं, की आकडा खोटा नव्हता. तो नव्हताच, आणि म्हणूनच माफी मागायला कारण सापडत नव्हतं. काकूंनी मात्र नणंदेशी बोलणं सोडलं नाही. खालून डबे वर येत, वरून खाली जात. डबा कुणाकडचा हे काका विचारत नसत आणि चाटूनपुसून खात.

आणखी एक गोष्ट चालू होती. रोज सकाळी साडेपाचला काका वर साखळी ओढत. अर्ध्या मिनिटात खालून ताईंच्या टाकीचा आवाज येई, कारण त्यांचीही टाकी तसलीच. काका पायजम्याची नाडी हातात धरून कान देऊन उभे राहत, मग वहीत लिहीत, 'दुसरा मजला, ५.३१, चौदा लिटर.' काकू म्हणत, खालचा आवाज आल्याशिवाय तुम्ही चहाचं आधण ठेवत नाही. काका म्हणत, मी पुरावा गोळा करतोय.

आता बेत असा होता. येत्या रविवारी बैठक. त्याआधी गुपचूप नवा संडास बसवायचा, दोन बटणांचा. छोटं बटण तीन लिटर, मोठं सहा. बैठकीत उभं राहून म्हणायचं, की हा बघा, मी आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. मग ताईकडे न बघता बघायचं. ताई दर बुधवारी अकरा ते चार वाचनालयात बसत. म्हणून प्लंबरला बुधवारी अकराची वेळ दिली.

या प्लंबरला सगळी गल्ली 'होऊन जाईल' म्हणून ओळखत असे, कारण त्याच्याकडे कुठल्याही प्रश्नाला तेवढंच उत्तर होतं. भिंत पडणार नाही ना? होऊन जाईल. चारच्या आत आटपेल ना? होऊन जाईल. त्याने जुनी टाकी उतरवली, बाल्कनीत नेऊन ठेवली, पांढरंशुभ्र नवं भांडं बसवलं, आणि साडेतीनला छोटं बटण दाबून दाखवलं. पाणी फिरलं आणि गेलं. काका आवाजाची वाट बघत राहिले.

"झालं?"

"झालं की," प्लंबर म्हणाला, आणि त्या दिवशीचं त्याचं एकमेव लांब वाक्य बोलला. "आवाजच नाही काका याला. तुम्ही घरात आहात का नाही, हे खालच्याला कळायचंसुद्धा नाही."

काकांना हे फारच आवडलं.

गुरुवारी सकाळी साडेपाचला त्यांनी समारंभपूर्वक बटण दाबलं. तीन लिटर पाणी मांजराच्या पावलांनी निघून गेलं. काकांनी नाडी बांधली, वही उघडली, पेन्सिल धरली आणि कान दिला. खालून काहीच आलं नाही. पाच एकतीस झाले, पाच पस्तीस झाले. आज उशिरा उठली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पाच चाळीसला त्यांनी म्हटलं, की असेना का, चौदा लिटर वाचले. पण हे म्हणताना त्यांना बरं वाटलं नाही, आणि चहाचं पातेलं ओट्यावर कोरडंच राहिलं.

मन रमवायला त्यांनी आपला नेहमीचा उपाय केला. मोजायला घेतलं. छापील आकड्यावर विश्वास ठेवील तो मीटरवाला कसला! त्यांनी नव्या टाकीचा नळ बंद केला, टाकी रिकामी केली, दार लावून घेतलं आणि लिटरच्या मापाने पाणी ओतून मोजायला लागले. एक. दोन. तीन.

आता खालच्या मजल्यावर काय चाललं होतं तेही सांगायला हवं. ताई साडेपाचपासून साखळीला हात लावून उभ्या होत्या. आधी भाऊ ओढतो, मग आपण ओढायची, हा क्रम चार वर्षांत चुकला नव्हता. अबोल्यातही नाही. आज वर सामसूम. वहिनी गावाला गेलेली, जाताना "वन्सं, वर जरा कान असू द्या," असं सांगून गेलेली. पावणेसहापर्यंत ताईंनी कान दिला, मग त्यांचा धीर सुटला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाला फोन लावला.

फोन वाजला तेव्हा काका चौथ्या लिटरवर होते. मोजणी चालू असताना मीटरवाला बोलत नाही. फोन वाजून वाजून थांबला. मग दाराची घंटा वाजली. काका साडेचार लिटरवर होते, आणि आलाच असेल 'होऊन जाईल' आपला विसरलेला पाना न्यायला, असं समजून त्यांनी ओठ घट्ट मिटले. घंटा पाचदा वाजली, दारावर थापा पडल्या, कुणीतरी काहीतरी म्हणालंसुद्धा. काका मान हलवत ओतत राहिले. टाकी काठाशी आली, तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं, 'छापील सहा, प्रत्यक्ष पाच लिटर आठशे', तारीख घातली, आणि मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "आलो."

बाहेर कुणी नव्हतं. ताई वॉचमनला आणायला लिफ्टने खाली गेल्या होत्या.

काकांनी घड्याळ बघितलं. सहा वाजून पाच मिनिटं, आणि खालून अजून आवाज नाही. सत्तर वर्षांची बाई, एकटी, न्हाणीघरात पाय घसरायला किती वेळ लागतो? ते तसेच बनियनवर, अनवाणी, हातात माप घेऊन जिन्याने धावले. मागे दार धाडकन लागलं आणि किल्ली आत राहिली. त्यांचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी ताईंच्या दारावर मापानेच ठोकायला सुरुवात केली. "ताई, अगं ताई!" दोन वर्षांची साठलेली हाक होती, ती साऱ्या जिन्यात घुमली. आतून उत्तर नाही, कारण आत कुणी नव्हतंच.

काका वॉचमनकडे धावले, म्हणजे जिन्याने खाली. त्याच वेळी ताई आणि वॉचमन लिफ्टने वर चालले होते. खाली खुर्ची रिकामी बघून काका तसेच मागच्या गल्लीत प्लंबरच्या घरी गेले. प्लंबर दात घासत होता, नळ मोकळा सोडून, आणि काकांनी त्याला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. यावरूनच प्रसंग किती गंभीर होता ते ओळखावं.

"दार उघडायचंय. माझी बहीण आत आहे," काका म्हणाले.

"होऊन जाईल," प्लंबर म्हणाला, आणि तोंडातल्या ब्रशासकट निघाला.

वर तिसऱ्या मजल्यावर ताईंनी काकूंना फोन करून विचारलं, काय करू. तिकडून काकू म्हणाल्या, वन्सं, दार तोडा, मी पहिल्या बसने निघते. वॉचमन जाडजूड होता, पण दुसऱ्याचं दार तोडायचं म्हणून कचरत होता. ताईंनी त्याला मुख्याध्यापिकेच्या आवाजात "एक, दोन, तीन" म्हटलं. तीनला दार आत गेलं.

घरात भाऊ नव्हता. पलंग रिकामा, चहाचं पातेलं कोरडं. न्हाणीघरात सगळीकडे पाणी, आणि भिंतीवरची टाकी गायब. वॉचमनने डोकं खाजवून अंदाज केला, की चोर टाकी घेऊन गेले आणि काका त्यांच्या मागे धावले असावेत. ताईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याने तो अंदाज लगेच मागे घेतला. इतक्यात खालच्या मजल्यावरून काहीतरी कडाकडा मोडल्याचा आवाज आला. तो ताईंच्याच दाराचा होता.

ताई भावाची छत्री उचलून खाली आल्या. त्यांच्या घराचं दार एका बिजागरीवर लोंबकळत होतं, प्लंबर ब्रश खिशात ठेवत होता, आणि आत न्हाणीघराच्या उंबऱ्यावर एक म्हातारा माणूस बनियनवर बसून, मांडीवर लिटरचं माप घेऊन, हमसून हमसून रडत होता. सगळ्या खोल्या बघून झाल्या होत्या, पलंगाखालीसुद्धा, आणि ताई कुठेच नव्हत्या.

"उठ तिथून. ओलं आहे ते," ताई म्हणाल्या.

काकांनी वर बघितलं. बराच वेळ त्यांना बोलताच येईना, आणि या वेळी मोजणी चालू नव्हती.

"ताई, कुठे होतीस तू?"

"तुझ्या घरी. तुझं दार तोडत होते."

काकांनी लोंबकळणाऱ्या दाराकडे बघितलं. "मी तुझं तोडलं."

"दोन्ही होऊन जाईल," असं म्हणून प्लंबर सुताराला बोलवायला गेला. वॉचमनही त्याच्याबरोबर सटकला.

मग भावाबहिणीने एकदमच विचारलं, की आज साखळी का नाही ओढलीस. काकांनी नवा संडास, तीन लिटर, रविवारची बैठक, सगळं कबूल केलं. ताईंना ते पुरतं ऐकूही आलं नसावं. छत्री टेकून त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या.

"आधी तू ओढतोस, मग मी ओढते. तूच लावून दिलेली शिस्त ना ही?"

"मी? कधी?"

"हे गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात. इथेच उभा होतास, त्या नळापाशी. म्हणालास, ताई, सकाळी माझा आवाज आला की तू ओढ. दुपारी उठलीस की ओढ, रात्री निजताना ओढ. मला वर ऐकू येतं. मला कळेल, तू ठीक आहेस. मी ओढत आले. काम असो नसो."

काकांना आठवलं. तो नळ आठवला, ताईंची ती कोरी नजर आठवली, आणि आपण जायला निघता निघता काहीतरी बोलून गेलो होतो तेही आठवलं. बोलून ते विसरून गेले होते. त्यांनी मनातल्या मनात चौदा त्रिक बेचाळीस केलं. आयुष्यात पहिल्यांदा पाढा म्हणताना त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"मग बैठकीत का नाही बोललीस?"

"काय बोलणार? माझ्या भावाला माझी काळजी, म्हणून मी पाणी ओतते? तुला आठवतच नव्हतं. मला लोकांच्या हसण्यापेक्षा ते जास्त लागलं."

"तरी दोन वर्षं ओढत राहिलीस?"

"राग होता तुझ्यावर," ताई म्हणाल्या. "पण म्हणून तुला घोर लावून ठेवू?"

काका उठले. स्टूल ओढून त्यावर चढले आणि त्यांनी ताईंच्या टाकीचं झाकण उचललं. आतला तरंगता गोळा एका बाजूला अडकला होता आणि टाकीतून पाण्याची एक बारीक धार दिवसरात्र गळत होती. बेचाळीसच्या वरचं जास्तीचं सगळं पाणी त्या धारेतून गेलं होतं. काकांनी गोळा बोटाने सरळ केला. धार थांबली. दहा सेकंदांचं काम! दोन वर्षं ते घराचा आकडा वाचत होते, पण वाकून टाकीत बघायला एकदाही आले नव्हते.

"ताई, मी चुकलो गं," स्टुलावरूनच ते म्हणाले.

"आधी खाली उतर. पडशील," ताई म्हणाल्या.

सुतार दुपारी येणार होता, तोवर दोन्ही घरं सताड उघडी. त्या सकाळचा चहा तिसऱ्या मजल्यावर झाला. काकू दुपारी धापा टाकत पोचल्या, तेव्हा दोन दारं मोडलेली, संडास बदललेला, आणि नवरा नि नणंद शेजारी शेजारी बसून एकाच वाडग्यातलं खाताहेत, असं दृश्य होतं. कशाकशावर रागवावं हे न कळून त्यांनी आधी पाणी मागितलं.

रविवारच्या बैठकीत काका वही घेऊन उभे राहिले. नव्या संडासाचं भाषण त्यांनी केलंच नाही. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या मजल्याचा आकडा इथे वाचला होता. आकडा बरोबर होता. पण तो चारचौघांत वाचायचा नव्हता, जाऊन बघायचं होतं, का ते. त्या घरातलं काही पाणी माझ्या सांगण्यावरून जात होतं. मी ताईची माफी मागतो." मग त्यांनी वही आणि पेन्सिल ताईंच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, की यापुढे मोजणी हिच्याकडे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. उलट नव्या संडासाची बातमी जिन्यात आधीच पसरली होती, म्हणून चार घरांनी 'होऊन जाईल'चा नंबर मागून घेतला, आणि पुढच्याच बुधवारी ताईंच्या घरीही दोन बटणांचा संडास बसला.

आता आवाज कुणाचाच येत नाही, मग खुशाली कळायची कशी? त्यावर ताईंनी साधा तोडगा काढला. रोज सकाळी साडेपाचला त्या स्वतःच वर येतात.

तीन महिन्यांनी पुन्हा बैठक भरली. ताईंनी वही उघडली, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. दुसरा मजला, इमारतीत सगळ्यांत कमी. टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यापाशी येऊन त्या थांबल्या.

"दोघांचं घर, आणि पाणी चौघांचं. नोंद घ्यावी."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. काका ताडकन उभे राहिले. हे पाणी कुणाचं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. सकाळचा चहा वरती कोण घेतं, वरच्या नळाला धार चांगली म्हणून आंघोळ वरती कोण करतं, खालचा नवा संडास नवाच राहावा म्हणून वरचा कोण वापरतं, आणि एका बटणाने काय होतंय म्हणून दोन्ही बटणं एकदम कोण दाबतं, हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ताई चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होत्या.

"आकडा बरोबर आहे," असं म्हणून काका खाली बसले.

घरी येताना जिन्यात काकूंनी विचारलं, खरं काय ते सांगितलं का नाही.

"सांगणार कसं?" लिटरकाका म्हणाले. "लिहून झाल्याशिवाय मी बोलत नाही, आणि वही आता तिच्याकडे आहे."